नळी निम्मी, अडथळा सोळापट

दिवाळीनंतर सोनईच्या मुळा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम भरात येतो. रस्त्यांवर उसाच्या गाड्या आणि तोड झालेल्या एखाद्या फडात पेटवलेलं पाचट. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार, तिच्यावरची उबदार. म्हणून धूर वर न चढता खालीच रेंगाळतो. खोडव्यात पाचट कुजवणारा शेतकरी जमिनीचं भलं करतो, आणि शेजारच्या दमेकऱ्याचंही.

धुरानं त्याच्या छातीत नेमकं काय होतं? आपली श्वासनळी आत जाताना सुमारे 23 वेळा दुभंगते. दम्यात या नळ्यांचं अस्तर सुजलेलं असतं, धाप लागत नसते तेव्हाही. धूर, धूळ किंवा सर्दीचं निमित्त झालं की भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि नळी अरुंद होते. 1840 च्या सुमारास पॉइझय या फ्रेंच डॉक्टरानं बारीक नळ्यांतून पाणी सोडून एक नियम शोधला. संथ वाहणाऱ्या हवेलाही तो लागू पडतो: नळीची रुंदी निम्मी झाली, तर अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो!

त्याहून नवल पुढेच आहे. श्वास घेताना छाती फुगते आणि नळ्यांना ताणून उघडते. सोडताना त्या आणखी मिटतात. म्हणून सुंई-सुंई आवाज येतो तो बहुतेकदा श्वास सोडताना. आधीची हवा आतच अडकते. छाती गच्च भरलेली, आणि माणूस हवेसाठी तडफडतोय.

पण सोळापटीचं गणित उलटंही चालतं. नळी जराशी उघडली की केवढा तरी आराम पडतो, आणि तेवढ्यासाठी औषध किती लागावं? साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम. त्याच औषधाच्या 4 मिलीग्रॅमच्या गोळीत याच्या चाळीसपट! गोळी रक्तातून अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंप थेट नळ्यांत पोचतो. तरीही 'पंपाची सवय लागते' म्हणून घरोघरी गोळ्याच मागितल्या जातात, याचं फार वाईट वाटतं.

मात्र हा पंप फक्त स्नायू सैल करतो. सूज तशीच राहते. ती उतरवतं श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड, तेही मायक्रोग्रॅममध्ये. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलं असेल तर बरं वाटत असतानाही ते घ्यायचं. दम्यासाठीच्या 'जिना' या जागतिक मार्गदर्शनानं 2019 मध्ये स्पष्टच सांगितलं: मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या आरामाच्या पंपावर राहू नये.

पंप घेण्याचीही रीत आहे. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबतानाच सावकाश खोल ओढायचा, दहा सेकंद धरायचा. स्टेरॉइड असेल तर नंतर खळखळून चूळ भरायची. हे जमत नसेल तर पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडं, लावावा.

आणि जोराचा झटका आलेला असताना आवाज एकाएकी थांबला, माणसाला वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, तर तो उतार नव्हे. नळ्यांतून आवाज उठण्याइतकीही हवा आता हलत नाही. पंप देत देत त्याला तडक दवाखान्यात न्यायचं.