ऑफिससाठी लेझर घ्यावा की इंकजेट? प्रिंटरच्या किमतीवर जाऊ नका, आधी हे गणित बघा

मार्च एंडची गडबड, पन्नास पानांची फाईल आजच द्यायचीय आणि नेमका प्रिंटर अक्षरांमध्ये पांढऱ्या रेघा सोडतोय. बऱ्याच छोट्या ऑफिसांत हे होतं, कारण प्रिंटर घेताना फक्त त्याची किंमत बघितली जाते.

मग घ्यायचा कोणता? आधी दोन्ही चालतात कसे ते बघू.

इंकजेटमध्ये पातळ शाई असते. अगदी बारीक छिद्रांतून तिचे थेंब कागदावर पडतात. प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला की छिद्रांत शाई वाळते आणि रेघा येतात. हेड क्लीनिंग केलं की ती मोकळी होतात, पण त्यातही शाईच जाते. म्हणजे एकही पान न छापता खर्च.

लेझरमध्ये शाई नसतेच. असतो टोनर, म्हणजे प्लॅस्टिकची बारीक पावडर. ती उष्णतेने वितळून कागदावर बसते. हे झेरॉक्स मशीनचंच तंत्र. १९६९ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीतल्याच गॅरी स्टार्कवेदर या इंजिनिअरने त्याला लेझरची जोड दिली. पावडर वाळण्याचा प्रश्न नाही आणि पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर पसरत नाही.

आता पैशाचं बोलू. टोनर किंवा कार्ट्रिजची किंमत भागिले त्यातून निघणारी पानं, हा एका पानाचा खर्च. समजा २,००० रुपयांच्या टोनरमध्ये १,००० पानं निघाली, तर पानामागे २ रुपये. ६०० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये १५० पानं, तर ४ रुपये. महिन्याला ५०० पानं छापणाऱ्या ऑफिसला हा फरक दरमहा १,००० रुपयांना पडतो. स्वस्तात घेतलेला प्रिंटर महाग पडतो तो असा.

मग इंकजेट बादच का? तर नाही. बाटलीतून शाई भरायचे इंक टँक प्रिंटर पानामागे खूप स्वस्त पडतात, रंगीत छापतात आणि वीजही कमी खातात. लेझर मात्र छापताना काहीशे वॉट खेचतो, त्यामुळे तो कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर जोडू नका.

थोडक्यात सांगायचं तर बिलं, करार, अर्ज असं काळं-पांढरं काम असेल किंवा प्रिंटर मध्येमध्ये बंद राहत असेल, तर लेझर घ्या. रोज रंगीत छपाई असेल तर इंक टँक, पण आठवड्याला एक तरी रंगीत पान काढाच. आणि दुकानात प्रिंटरच्या आधी टोनरचा भाव विचारा.