वेग नगरचा, शर्यत घोळक्याची

सायकल शर्यतीला गर्दी जमते ती अखेरच्या दोनशे मीटरसाठी. तोवर एकमेकांच्या आडोशाने चाललेल्या स्पर्धकांतून एखादा मुलगा सीटवरून उठतो, हँडलवर झुकतो आणि पाहता पाहता दोन सायकलींचे अंतर टाकून रेषा ओलांडतो. नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) अशा एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहून 'हा टूर द फ्रान्सला जाईल' असे कौतुकाने म्हटले जाते. कौतुक रास्त असते. पण तो प्रवास किती लांबचा आहे आणि वाटेत नेमके काय आडवे येते, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. शिक्षण, नोकरभरती आणि सराव यांतून निवड करण्याची वेळ त्या मुलावर आणि त्याच्या पालकांवर याच वयात येते. म्हणूनच तो हिशेब अगत्याचा आहे.

दोनशे किलोमीटर आणि दोनशे मीटर

स्प्रिंटर म्हणजे कमी अंतराचा खेळाडू, ही समजूत रस्त्यावरील शर्यतींना लागू पडत नाही. व्यावसायिक शर्यतीत स्प्रिंटर दीडशे ते दोनशे किलोमीटर इतरांबरोबरच चालवतो. 'मिलान-सान रेमो' ही स्प्रिंटरांना प्रिय असलेली शर्यत तर तीनशे किलोमीटरच्या आसपास जाते. एवढे अंतर कापल्यावर ताशी ६५ ते ७० किलोमीटर वेगाने शेवटची धाव घ्यायची असते. या वेगाने दोनशे मीटर संपायला साधारण साडेदहा सेकंद लागतात. जगातील अव्वल स्प्रिंटर त्या क्षणी चौदाशे-पंधराशे वॅटच्या घरात शक्ती लावतात.

ही शक्ती शिल्लक राहते ती आडोशामुळे. सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे राहिले की सुमारे पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात, घोळक्याच्या पोटात त्याहूनही अधिक. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये संघातील साथीदार ओळीने पुढे होऊन वेग वाढवतात, एकेक जण थकून बाजूला होतो आणि अखेरचा साथीदार स्प्रिंटरला रेषेजवळ नेऊन सोडतो. जिंकणारा एक दिसतो, पण त्याच्या विजयात सहा-सात जणांचे श्रम असतात.

घाटात याच्या उलट घडते. भारदस्त बांध्याचा स्प्रिंटर चढावर मागे पडतो. मात्र विजेत्याच्या वेळेवरून ठरवलेल्या मुदतीत तो पोहोचला नाही, तर शर्यतीतून बाद होतो. म्हणून त्याला घाट जिंकता आला नाही तरी निभावता आलाच पाहिजे. टूर द फ्रान्समध्ये २०२४ साली पस्तिसावा टप्पा जिंकून एडी मर्क्स यांचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडणाऱ्या मार्क कॅव्हेंडिशला कारकीर्दभर या मुदतीशी झुंजावे लागले.

दोन प्रकारचे स्प्रिंटर

भारतीय सायकलिंगमध्ये 'स्प्रिंटर' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो ट्रॅकवरील खेळाडू. २०१९ साली जर्मनीत कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत भारतीय मुलांनी सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक पटकावले. त्या संघातील रोनाल्डो सिंगने २०२२ मध्ये दिल्लीतील आशियाई स्पर्धेत वैयक्तिक स्प्रिंटचे रौप्य मिळवले. वेगाचे बीज या देशात आहे, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु ट्रॅक स्प्रिंट एक-दोन मिनिटांचा खेळ आहे आणि रस्त्यावरील शर्यत चार-पाच तासांची.

दुसरीकडे, मराठी वाचकाला सायकलपटू ठाऊक आहे तो अतिदीर्घ अंतराचा. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण करून आले. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. हे पराक्रम सहनशक्तीचे होते. रस्त्यावरचा स्प्रिंटर या दोन टोकांच्या मधोमध उभा असतो: ट्रॅकवाल्याचा स्फोट आणि लांब पल्ल्याच्या सायकलपटूची दमछाक सोसण्याची ताकद, दोन्ही त्याला लागतात.

स्नायूंची जलद आकुंचनाची क्षमता बरीचशी जन्मजात असते. सहनशक्ती मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने वाढवता येते. त्यामुळे वेगवान मुलाला अंतराची सवय लावणे शक्य असते, अंतर सोसणाऱ्या प्रत्येकाला वेगवान करणे शक्य नसते. ट्रॅकवरून रस्त्याकडे येणारी वाटही मळलेली आहे. पण ती स्प्रिंटपेक्षा ट्रॅकवरील लांब प्रकारांतून येते. कॅव्हेंडिश मॅडिसन प्रकारात जगज्जेता होता. २०११ मध्ये मुंबईतील आंतरराष्ट्रीय शर्यतीत यश मिळवणारा इटलीचा एलिया विवियानी पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ऑम्नियमचे सुवर्ण जिंकला आणि २०१८ मध्ये इटलीच्या जिरो शर्यतीत त्याने चार टप्पे जिंकले. २०२५ च्या टूर द फ्रान्समध्ये हिरवी जर्सी मिळवणारा जोनाथन मिलान टोकिओ ऑलिंपिकच्या सांघिक परस्यूटचा सुवर्णपदक विजेता आहे.

जिल्ह्याचे रस्ते काय देतात?

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा सायकलपटूला भूगोल मात्र उदार हाताने देतो. कर्जत-श्रीगोंद्याच्या बाजूला लांब, उघडे, सपाट रस्ते आहेत. पुणे-नाशिक मार्गावरचा चंदनापुरी, पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवरचा इमामपूर हे घाट मुदतीत चढ निभावण्याचा सराव देतात. अकोल्यापुढे भंडारदऱ्याकडे गेले की कळसूबाईच्या परिसरातील खरे डोंगर सुरू होतात. पावसाळ्यात पर्जन्यछायेच्या पठारावर भणाणणारा वारा हाही एक गुरूच आहे. आडव्या वाऱ्यात तिरकी रांग धरून कसे चालावे, हे युरोपातील सपाट प्रदेशात शर्यतीचा निकाल ठरवणारे कौशल्य असते.

अडचण वेगळीच आहे. सरावाला उत्तम असलेला हिवाळा हाच उसाच्या गळिताचा हंगाम असतो. पहाटेच्या अंधारात, दिव्याविना उभ्या असलेल्या किंवा दुहेरी ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत कोणा मुलाला वेगाचा सराव करायला सांगणे जबाबदारीचे नाही. वेगाच्या कवायतींसाठी मोकळा, वर्दळ नसलेला रस्ता निवडणे आणि सोबत मोटारसायकलवर कोणी असणे, हा चैनीचा नव्हे तर सुरक्षिततेचा भाग आहे.

या जिल्ह्यातून राष्ट्रीय पातळी गाठता येते, हे सिद्ध झालेले आहे. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने माउंटन बाइक प्रकारात राष्ट्रीय पदके मिळवली आणि आशियाई पातळीवर देशाचे प्रतिनिधित्व केले. मात्र माउंटन बाइकमध्ये खेळाडू बराच वेळ स्वतःच्या बळावर, एकट्याने झुंजतो. स्प्रिंटरला ते पुरत नाही.

हगामा आणि केरमेस

जिल्ह्याला कुस्तीचे उदाहरण परके नाही. २०२५ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरातच झाली. पैलवान तालमीत जोर-बैठका काढून बलवान होतो. पण तो डाव शिकतो गावोगावच्या यात्रांतील हगाम्यात. अनोळखी प्रतिस्पर्धी, अनोळखी माती, भोवती आरोळ्या आणि एका हंगामात कितीतरी कुस्त्या, यांतून त्याची नजर तयार होते.

बेल्जियममध्ये सायकलपटू नेमका असाच घडतो. तेथे गावच्या जत्रेला केरमेस म्हणतात आणि त्या निमित्ताने गावाभोवतीच्या पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्यांवर शर्यत भरते. उन्हाळ्यात अशा शर्यती जवळपास रोज कोठे ना कोठे असतात. राष्ट्रीय टाइम ट्रायल विजेते नवीन जॉन यांच्यासारखे भारतीय सायकलपटू तेथे जाऊन शर्यती करून आले, ते याच शाळेसाठी. शंभर जणांच्या घोळक्यात कोपराला कोपर लागत असताना जागा राखणे, कोणाचे चाक धरावे हे ओळखणे, वळणावर ब्रेक न दाबता रेषा सांभाळणे, हे एकट्याने कितीही किलोमीटर मारले तरी येत नाही.

ते न येण्याची किंमतही मोठी असते. २०२० मध्ये पोलंडमधील शर्यतीच्या अखेरच्या धावेत नेदरलँड्सचा फाबिओ याकोब्सन कठड्यावर आदळून मृत्यूच्या दारातून परतला. पुढच्याच वर्षी त्याने स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत तीन टप्पे जिंकले, हे त्याचे धैर्य. पण या खेळात कसलेल्यांनाही माफी नाही, तेथे घोळक्याची सवय नसलेला नवखा मुलगा स्वतःबरोबर इतरांनाही संकटात टाकतो.

महाराष्ट्रात मुंबई-पुणे शर्यतीची परंपरा जुनी आहे. बोरघाटातील 'घाटाचा राजा' हा किताब अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही ४३७ किलोमीटरची बहुटप्पी आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. शेजारच्या जिल्ह्यातच व्यावसायिक घोळका पाहण्याची संधी नगरच्या मुलांना त्यामुळे मिळाली. परंतु वर्षातून एखादी मोठी शर्यत म्हणजे हगाम्याविना थेट केसरीचे मैदान. त्याआधीच्या लहान शर्यतींची शिडी अद्याप तोकडी आहे.

अस्माराची वाट

साधनांचा अभाव हे कारण मात्र अखेरचे मानता येणार नाही. इरिट्रियातील अस्मारा येथे २००० साली जन्मलेल्या बिनियम गिर्मायने २०२२ मध्ये 'गेन्ट-वेवेल्गम' जिंकली आणि २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये तीन टप्प्यांसह हिरवी जर्सी मिळवली. त्या देशात सायकल शर्यती हा लोकांचा खेळ आहे. स्थानिक शर्यतींत चमकलेल्या गिर्मायला आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्वित्झर्लंडमधील एगल येथील प्रशिक्षण केंद्रात जागा मिळाली आणि तेथून तो युरोपातील संघांत गेला. गावची शर्यत, परदेशी प्रशिक्षण, लहान संघ, मोठा संघ अशी ही क्रमवार चढण होती. यातील पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी घेता येत नाही.

भारतीय मुलासाठी ती चढण कशी दिसते? सतरा-अठरा वर्षे हा कनिष्ठ गट, एकोणीस ते बावीस हा तेविशीखालील गट. मोठे संघ याच वयात खेळाडू हेरतात. त्याखालच्या पातळीवर कॉन्टिनेंटल संघ असतात. आशियातही ते आहेत आणि भारतीय स्प्रिंटरसाठी आजचे वास्तववादी व्यावसायिक ध्येय तेच. त्यापुढचे दार बंद नाही. पण आजवर एकही भारतीय टूर द फ्रान्समध्ये धावलेला नाही, हेही विसरता कामा नये. मुलींसाठी चित्र काहीसे आशादायक आहे. महिलांच्या अव्वल संघांत २०२० पासून किमान वेतनाचा नियम लागू झाला आणि २०२२ पासून महिलांची टूर द फ्रान्स नव्या रूपात सुरू झाली.

नोकरी की शर्यत

घरी प्रश्न असतो तो पोटाचा. शर्यतीची सायकल लाखाच्या पुढे जाते. चाके, टायर, आहार, प्रवास यांचा खर्च वेगळा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि सेनादल, रेल्वे यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. अनेक कुटुंबांसाठी राष्ट्रीय पदक हे नोकरीचे दार असते आणि ते तसे मानण्यात काहीही कमीपणा नाही. उलट, सेनादल किंवा रेल्वेच्या संघात गेलेल्या मुलाला पगारासह सोबत चालणारा संघ मिळतो, जो गावात मिळत नाही.

तेव्हा त्या वेगवान मुलाची परीक्षा कशी घ्यावी? ताज्या पायांनी त्याने दोनशे मीटर किती सेकंदांत मारले, एवढ्यावरून नव्हे. एक घाट आणि चार तासांची चाल पाठीशी घालून त्याला पुन्हा तेवढेच अंतर धावायला लावावे. दोन वेळांतील फरक वर्षागणिक कमी होत असेल, तर मुलगा रस्त्याचा आहे. तसे होत नसेल, तर ट्रॅकचे दार उघडे आहे. तेथे भारताने जगात नाव मिळवलेले आहे.

राहिला प्रश्न घोळक्याचा. तो एकट्या मुलाने सोडवण्याजोगा नाही. यात्रेच्या दिवशी कुस्त्यांच्या हगाम्याबरोबर गावाभोवतीचा रस्ता दोन तास बंद ठेवून पाच-दहा फेऱ्यांची शर्यत भरवायला पोलिसांची परवानगी, एक रुग्णवाहिका, हेल्मेटची सक्ती आणि वळणांवर उभे राहणारे काही स्वयंसेवक पुरतात. अशा शर्यती नियमाने भरू लागल्या, तर नगरच्या वेगाला आपली शाळा नगरमध्येच सापडेल.