एका ऑर्डरचं एकच बिल

पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात एक ऑर्डर येते. जुन्या पद्धतीच्या डेटाबेसमध्ये ती चार तक्त्यांत विखुरते: ग्राहक, पत्ता, पुस्तकं, किमती. मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये मात्र ती एकाच डॉक्युमेंटमध्ये मावते, दुकानदाराच्या बिलासारखी. 2009 मध्ये आलेल्या या डेटाबेसचं नाव ‘ह्यूमंगस’, म्हणजे अवाढव्य, या शब्दावरून पडलं.

पुस्तकाची किंमत उद्या वाढली तरी कालचं बिल बदलत नाही. म्हणून विक्रीच्या वेळची किंमत आणि पत्ता ऑर्डरमध्येच उतरवून ठेवावा. ही माहिती दुसरीकडेही असते, पण इथे ती पुन्हा लिहिणं योग्यच आहे.

नवखे प्रोग्रामर याच सोयीच्या नादात वाहवतात. वाचकांचे अभिप्रायही ते पुस्तकाच्या डॉक्युमेंटमध्ये भरू लागतात. पहिले पन्नास सहज मावतात. पण एका डॉक्युमेंटची कमाल मर्यादा 16 मेगाबाइट आहे, आणि त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो: नुसतं पुस्तकाचं नाव हवं असलं तरी सर्व्हरला अभिप्रायांसकट सगळं डॉक्युमेंट उचलावं लागतं. जी यादी कुठे थांबेल हे सांगता येत नाही, तिला वेगळं कलेक्शन, म्हणजे डॉक्युमेंटांचा वेगळा गट, द्यावा. ताजे पाच अभिप्राय तेवढे पुस्तकापाशी ठेवावेत.

सगळ्यात महागात पडते ती शेवटची प्रत. दोन ग्राहक एकाच क्षणी बटण दाबतात. कोड आधी शिल्लक वाचतो, त्यातून एक वजा करतो, मग नवा आकडा लिहितो. दोघांनाही शिल्लक 1 दिसते आणि एकच प्रत दोघांना विकली जाते! यावरचा उपाय साधा आहे. ‘शिल्लक 0 पेक्षा जास्त असेल तरच’ ही अट अपडेटमध्येच घालायची आणि ‘इन्क’ या ऑपरेटरने आकडा एकने घटवायचा. एका डॉक्युमेंटवरचा बदल मोंगोडीबी अखंड करतो, मध्ये दुसरा कोणी घुसत नाही. मागे राहिलेल्या ग्राहकाच्या अपडेटला ‘0 डॉक्युमेंट बदलली’ असं उत्तर येतं. ते उत्तर तपासून त्याला लगेच ‘प्रत संपली’ असं सांगता येतं.

वेगाचा प्रश्न बहुधा उशिरा कळतो, कारण लॅपटॉपवर शंभरच नोंदी असतात. क्वेरी कशी चालते हे पाहायला तिला ‘एक्सप्लेन’ लावावं. ‘कोलस्कॅन’ दिसलं, तर एका ग्राहकाच्या ताज्या 20 ऑर्डरी शोधायला अख्खं कलेक्शन चाळलं जातंय. आधी ग्राहक, मग तारीख असा इंडेक्स केला की तपासलेल्या डॉक्युमेंटचा आकडा 20 वर येतो.