गाणे थांबले, पियानो थांबला नाही

१६ फेब्रुवारी १९५१. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये लोट्टे लेहमान या जर्मन गायिकेची मैफल होती. ६३वा वाढदिवस अकरा दिवसांवर आला होता. कार्यक्रमाच्या मधोमध त्यांनी श्रोत्यांना सांगितले, की ही आपली या शहरातली निरोपाची मैफल. सभागृहातून ‘नाही, नाही’ असा ओरडा झाला. रिचर्ड स्ट्राउसच्या ‘रोझेनकाव्हलियर’ ऑपेरातली मार्शालिन ही त्यांची गाजलेली भूमिका. ती आरशात पाहून वय ओळखते. मीही आरशात पाहिले आणि वेळ झाली हे ओळखले, अशा अर्थाचे त्या बोलल्या. या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, त्यात हे सारे ऐकू येते.

त्या संध्याकाळी त्या गात होत्या तो प्रकार म्हणजे ‘लीड’. (अनेकवचन ‘लीडर’, पुढारी नव्हे!) कवीची कविता आणि तिला संगीतकाराने दिलेली चाल, एवढ्यावरून आपल्याला भावगीत आठवेल. पण भावगीतात पेटी बहुधा गळ्यामागून जाते. लीडमध्ये पियानोचा प्रत्येक स्वर संगीतकारानेच लिहिलेला असतो आणि गाण्याचा निम्मा अर्थ त्यात असतो. रंगभूषा नाही, नेपथ्य नाही, माइक नाही. ऑपेरातली गायिका इथे उघडी पडते. लेहमानबाईंचा दमसास मुळातच तोकडा. ओळीच्या मध्येच घेतलेला श्वास ऐकू येई. जाणकार नावे ठेवत. मला मात्र तो श्वास खटकत नाही, कारण त्यांच्या गाण्यात शब्द आधी येतो. श्यूबर्टची ‘विंटरराईझे’ ही पुरुषाच्या तोंडची २४ गाणीही त्यांनी मुद्रित केली ती याच बळावर.

शेवटी त्यांनी श्यूबर्टचे ‘आन दी मुझिक’ घेतले. १८१७मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना त्याने मित्र फ्रान्झ फॉन शोबर याच्या कवितेला ही चाल दिली. दोनच कडवी, दोन्हींना एकच चाल. कवितेत संगीतकलेचे आभार मानले आहेत. पियानोवादकाचा उजवा हात एकाच लयीत स्वरसंघ वाजवत राहतो आणि डावा हात खालच्या पट्टीत स्वतःची धून गातो. गळा सुरू होण्याआधी ही धून येते, आणि गळा थांबल्यावरही पियानो थोडा पुढे चालतो.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, आभाराच्या शब्दांवर, लेहमानबाईंचा आवाज फुटला. ओळ पुरी झाली नाही. त्यांनी चेहरा हातांनी झाकून घेतला. त्यांचे अनेक वर्षांचे साथीदार पॉल उलानोव्स्की थांबले नाहीत. श्यूबर्टने लिहून ठेवलेले उरलेले स्वर त्यांनी एकट्याने वाजवले.

याला कोणी भावनेच्या भरात झालेली चूक म्हणतात. मला तसे वाटत नाही. पेटी नुसतीच मागून चालली असती, तर गळ्याबरोबर तीही अडखळली असती. इथे पियानोकडे स्वतःचे म्हणणे होते, आणि गाणे पुरे झाले.