उताऱ्याचा वेष

पूर्वीं संपादकाच्या मेजावर कात्री आणि खळीची वाटी हीं दोन आयुधें अवश्य असत. एका कागदावरचा मजकूर कापावा, पाठीस खळ लावावी व दुसऱ्या कागदावर चिकटवावा, असा तो प्रकार. चिकटविलेल्या तुकड्याचें अक्षर निराळें, शाई निराळी. परंतु पुढें छापखान्यांतील जुळारी सर्व मजकूर एकाच जातीच्या खिळ्यांत जुळवीत असल्यामुळें छापील पानावर त्या ठिगळांचा मागमूसहि उरत नसे. संगणकावर ही कापण्या-चिकटविण्याची क्रिया आणली ती लॅरी टेसलर व टिम मॉट या दोघांनीं. अमेरिकेंत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत १९७३ ते १९७६ या काळांत त्यांनीं हें काम केलें. कात्री गेली, खळ गेली, आणि त्यांच्याबरोबर जुळारीहि गेला. तो गेल्यानें काय झालें, हें आम्हांस दोन वर्षांपूर्वीं कळून आलें.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त नव्यानें सिद्ध करण्याचें काम भाऊबंदांनीं आमच्या गळ्यांत घातलें. जन्मभर शाळेंत व्याकरण शिकविलें, तेव्हां निदान ऱ्हस्वदीर्घ तरी नीट पाहतील, एवढाच त्यांचा हिशोब! पुणें, इंदूर, नागपूर आणि परदेशांतील शाखा येथून मजकूर येऊं लागला. कोणी ई-मेलनें धाडी, कोणी मोबाईलवरून. आम्ही तो एका फाईलींत चिकटवीत गेलों. चाळीस पानें झालीं तेव्हां इंदूरकरांचीं अक्षरें दुप्पट मोठीं, एका पुतण्याच्या मजकुराखालीं करडी पट्टी, गांवांचीं नांवें निळीं व अधोरेखित, असा थाट दिसूं लागला. एकाच परिच्छेदांत पणजोबांची मुंज एका वळणाच्या अक्षरांत तर लग्न दुसऱ्याच! सूनबाईंनीं तें पाहून "मामंजी, ही तर गोधडी झाली," असा अभिप्राय दिला.

याचें कारण असें कीं, आपण 'कॉपी' म्हणतों तेव्हां संगणक नुसतीं अक्षरें उचलीत नाहीं. देणारा प्रोग्रॅम तोच मजकूर क्लिपबोर्ड नामक तात्पुरत्या साठ्यांत अनेक रूपांनीं एकदम ठेवतो. एका रूपांत केवळ अक्षरें. दुसऱ्यांत अक्षरांसह फॉन्ट, आकार, रंग व समास. मजकूर वेबपानावरील असल्यास त्या पानाची सारी सजावटहि. घेणारा प्रोग्रॅम त्यांतून एक रूप निवडतो, आणि आपण कांहीं न सांगितल्यास बहुधा सालंकृत रूपाकडेच त्याचा ओढा असतो.

वर्डमध्यें मजकूर चिकटवितांच त्याच्या शेवटाशीं एक लहानशी चौकट उमटते. आम्ही तिला कित्येक महिने उपद्रव समजून दुर्लक्षित होतों. तिजवर टिचकी मारली असतां मुख्य तीन मार्ग दिसतात. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' म्हणजे माहेरचा वेष जसाच्या तसा. 'मर्ज फॉरमॅटिंग' म्हणजे सासरचा वेष, पण ठळक व तिरपीं अक्षरें तेवढीं माहेरचीं राहतात. 'कीप टेक्स्ट ओन्ली' म्हणजे नुसते शब्द. यांत चित्रें गळतात आणि कोष्टक मोडून त्याच्या सुट्या ओळी होतात. दर वेळीं ही निवड करण्याचा कंटाळा असेल तर फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असें जाऊन 'कट, कॉपी अँड पेस्ट' या सदराखालीं एकदांच काय तें सांगून ठेवावें. तेथें चार प्रश्न निरनिराळे विचारलेले आहेत: त्याच लेखांतून उचललें तर काय, दुसऱ्या लेखांतून उचललें तर काय, दोन लेखांच्या शैलींचा विरोध आला तर काय, आणि अन्य प्रोग्रॅममधून आणलें तर काय. पहिल्यास मूळ वेष व शेवटल्यास 'मर्ज' हें उत्तर आम्हांस सोयीचें वाटलें. ज्यांस एका चापीसरशी केवळ शब्द हवे असतील त्यांनीं हल्लींच्या वर्डमध्यें कंट्रोल, शिफ्ट व व्ही या कळा एकत्र दाबाव्या. लिबर-ऑफिसमध्यें त्यांत ऑल्टची भर घालावी लागते.

आणखी एक बारकावा. वर्डमध्यें परिच्छेदाचा समास, ओळींतील अंतर इत्यादि गुण परिच्छेदाच्या अंतीं असलेल्या एका अदृश्य खुणेंत सांठविलेले असतात. प्रत्यय शब्दाच्या शेवटीं बसून साऱ्या पदाचें रूप ठरवितो, तसाच हा प्रकार. तेवढी खूण सोडून बाकीचा मजकूर उचलला तर परिच्छेदाचा आकार बरोबर येत नाहीं.

नववींतील नातवानें त्या तीन कळा दाखविल्यावर आम्हांस कोण आनंद झाला! शारदा लिपींतील पोथी नागरींत उतरविणारा लेखक तरी काय करी? मूळ अक्षराचें वळण सोडी आणि शब्द घेई. आपण त्याच मार्गानें जात आहों, अशा समाधानांत आम्ही आलेला सर्व मजकूर धुऊन काढला. आणि तेथेंच घात झाला.

आमचे थोरले बंधु, दादा, यांनीं १९९९ सालीं आजोबांचा वृत्तान्त स्वतः संगणकावर बसून लिहिला होता. बावीस पानें. हस्तलिखित असें नव्हतेंच. दादा २०११ सालीं गेले. वहिनींनीं जपून ठेवलेल्या तबकडीवरची फाईल आमच्या नव्या संगणकावर उतरविली व उघडली, तों मराठी अक्षर एक नाहीं. रोमन अक्षरें, कंस, टक्क्यांच्या खुणा यांचें रान! तबकडी पुढें चालेनाशी झाली, म्हणून हीच काय ती प्रत. हाहि वेषाचाच घोटाळा, असें ठरवून आम्हीं मूळ फाईलींतच सर्व मजकूर निवडला, कंट्रोल व स्पेस दाबून सजावट उतरविली, फाईल जतन केली व बंद केली. पोथीलेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून तें दुरुस्त करी. संगणकांत 'अन्डू' हाच आपला हरताळ, पण फाईल बंद केली कीं तो संपतो.

सकाळीं वहिनी मागें येऊन उभ्या राहिल्या. "भावजी, हें यांचेंच ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्हांस उत्तर देतां येईना.

झालें होतें तें असें. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीच्या अक्षरांस स्वतःचे क्रमांक मिळाले होते. तथापि आपल्याकडे पुढें पुष्कळ वर्षें जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालले. त्यांत संगणकाच्या लेखीं अक्षर रोमनच असे, फॉन्ट त्यावर मराठी आकृति चढवी. युनिकोडच्या मजकुराचे कपडे उतरविले तरी मराठी तें मराठीच राहतें; जुन्या मजकुराचा मात्र तो कपडाच अर्थ होय. नव्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता म्हणून रान दिसलें, आणि कोणत्या शब्दास कोणता फॉन्ट होता ही नोंद आम्हीं स्वहस्तें पुसून टाकली. वाचकांनीं जुन्या फाईलीस हात लावण्यापूर्वीं तिची एक प्रत काढावी आणि त्या प्रतींत एका शब्दाचा फॉन्ट बदलून पाहावा. शब्द मराठीच राहिला तर खुशाल नुसते शब्द घ्यावे. रोमन झाला तर आधीं रूपांतर करून घ्यावें.

जवळच्या एका छापखान्याच्या वृद्ध मालकांनीं तें रान पाहूनच फॉन्ट ओळखला. त्यांच्या संगणकावर तो मजकुरास लावतांच दादांचीं वाक्यें एकामागून एक उभीं राहिलीं. मात्र मजकुरांत जे इंग्रजी शब्द होते, पदव्या, कचेऱ्यांचीं नांवें, पत्ते, तेहि आतां मराठी सोंग घेऊन बसले. ते एकेक निवडावे लागले. नंतर युनिकोडमध्यें रूपांतर केलें, त्यांत रफार सरकले आणि 'कऱ्हाड' प्रत्येक ठिकाणीं मोडलें.

तीन आठवडे वहिनी ऐकत बसल्या व आम्ही वाचीत गेलों. दादांनीं आजींच्या तोंडचीं वाक्यें तिरप्या अक्षरांत घातलीं होतीं. कंट्रोल-स्पेसनें तीहि सरळ झालेलीं. दादा लिहीत असतां वहिनी शेजारीं बसत. "थांबा, हें आजींचें," असें त्या म्हणत, आणि आम्ही तें वाक्य पुन्हां तिरपें करीत असूं. अकरा वाक्यें झालीं. बारा होतीं असें वहिनी सांगतात. त्यासाठीं गेल्या रविवारीं आम्ही पुन्हां पहिल्या पानापासून वाचावयास बसलों आहों.