चित्र का उतरत नाही?

1646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या पायथ्याशी, अकोले तालुक्यातील खेड्यांत, व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकूर दाखल होतो, परंतु सातबाऱ्याचे छायाचित्र अनेकदा धूसरच राहते. कारण अक्षरांचा भार अल्प असतो, चित्र मात्र सर्व्हरवरून स्वतंत्रपणे उतरवावे लागते आणि त्यास सलग रेंज आवश्यक असते. अशा वेळी प्रथम ब्राउझरमध्ये एखादे पान उघडून डेटा सुरू असल्याची खातरजमा करावी. नंतर फोनमधील रिकामी जागा, अ‍ॅपला दिलेली फोटोंची परवानगी आणि तारीख-वेळ तपासावी, कारण तारीख चुकल्यास सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. तरीही काम न झाल्यास, सर्व्हरवर चित्र कायम राहत नसल्याने, पाठवणाऱ्यास ते पुन्हा पाठवण्याची विनंती करावी. बॅकअप घेतल्यावाचून अ‍ॅप काढून टाकण्याची घाई मात्र कोणीही करू नये.