तीस टक्के, पण कशाचे?

हृदयविकार टाळताना : लेखांक ६

मागील लेखांकात रक्तदाबाच्या औषधांचा विचार केला. या आठवड्यात कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांकडे वळू. त्यांच्याविषयी एक वाक्य हटकून कानावर येते : ‘या गोळीने हार्ट अटॅकचा धोका तीस टक्क्यांनी घटतो.’ हे वाक्य खोटे नाही, पण अर्धवट आहे. हे तीस टक्के ज्याच्या त्याच्या मूळ धोक्याचे असतात आणि मूळ धोका प्रत्येकाचा निराळा असतो. तो कळल्याशिवाय गोळी आपल्या किती उपयोगाची, हे ठरवता येत नाही.

तीन मोठ्या चाचण्या शेजारी शेजारी ठेवल्या की हे लख्ख दिसते. १९९४च्या ‘फोर-एस’ या स्कँडिनेव्हियन चाचणीतले ४४४४ रुग्ण आधीच हृदयविकाराने ग्रासलेले होते. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन दिले, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत प्लासिबो गटातले २५६ जण दगावले, तर औषध घेणाऱ्यांतले १८२. म्हणजे शंभरामागे साडेअकराऐवजी सव्वाआठ मृत्यू. पुढच्याच वर्षी पश्चिम स्कॉटलंडमधल्या ‘वॉस्कॉप्स’ चाचणीचे निष्कर्ष आले. तिथले ६५९५ पुरुष ४५ ते ६४ वयाचे होते. त्यांचे कोलेस्टेरॉल चढलेले होते, पण हार्ट अटॅक कोणालाच येऊन गेलेला नव्हता. पाच वर्षांच्या आसपास हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण प्राव्हास्टॅटिनमुळे शंभरामागे साडेसातांवरून सव्वापाचांवर आले. २०१६च्या ‘होप-३’ चाचणीत भारतासह २१ देशांतले, मध्यम धोक्याचे १२,७०५ स्त्री-पुरुष होते. तिथे हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात गाठलेले लोक शंभरामागे ४.८ होते, ते रोझुव्हास्टॅटिनमुळे ३.७ झाले. टक्केवारीतली घट अनुक्रमे ३०, ३१ आणि २४. शंभरामागे वाचलेले मात्र सव्वातीन, सव्वादोन आणि जेमतेम एक. प्रत्येक चाचणीने मोजलेल्या घटना वेगळ्या असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरी मूळ धोका उतरला की प्रत्यक्ष लाभही उतरतो, एवढे त्यातून नक्की कळते.

लाभ असा आटत जातो, तोटा मात्र त्या प्रमाणात आटत नाही. ‘ॲस्पिरिन रोज घेतलेली बरी’ असे पुष्कळ वर्षे मानले गेले. २०१८च्या ‘ॲस्प्री’ चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या, बहुतांशी सत्तरी ओलांडलेल्या १९,११४ धडधाकट ज्येष्ठांनी ती किंवा प्लासिबो घेतली. हृदयविकार व पक्षाघातात लक्षणीय फरक पडला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र वर्षाला हजारामागे सुमारे सहांवरून साडेआठांवर गेला. हीच ॲस्पिरिन हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णाला वाचवते. गोळी तीच, माणूस बदलला.

यावर पहिला आक्षेप असा की, लाभ शंभरात एकाचाच असेल तर बाकीच्यांनी स्टॅटिनचा त्रास का सोसावा? त्रास किती आणि कशाने, हे ‘सॅमसन’ या लंडनमधल्या चाचणीने फार बारकाईने तपासले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या : चारांत स्टॅटिन, चारांत प्लासिबो, चार रिकाम्या. रोजच्या त्रासाला त्यांनी शंभरपैकी गुण द्यायचे होते. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात सरासरी ८, प्लासिबोच्या महिन्यात १५.४ आणि स्टॅटिनच्या महिन्यात १६.३. त्रास खराच होता, पण त्याचा नव्वद टक्के भाग गोळी घेण्याच्या धास्तीने निर्माण झाला होता, औषधाने नव्हे. स्टॅटिनने क्वचित स्नायूंना खरी इजा होते, काहींची साखर थोडी वाढते. हे नाकारायचे नाही. लाभाच्या शेजारी मांडायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक आवडता : आहार-विहार सुधारला की गोळ्या हव्यातच कशाला? पण आहाराच्या आकड्यांनाही हेच गणित लागू आहे. स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ चाचणीत ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा भरपूर असलेल्या आहाराने धोका सुमारे तीस टक्के घटला. प्रत्यक्षात शंभरामागे साधारण साडेचारांऐवजी साडेतीन जणांना आजाराने गाठले. लोकांची गटवारी करताना झालेल्या चुकांमुळे २०१८मध्ये तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला. आकडे पुन्हा तपासून आलेला निष्कर्ष मात्र जवळपास तोच राहिला. तंबाखू सोडणे, चालणे, बेताचे मीठ यांना पर्याय नाही आणि ते सर्वांनाच लागू आहेत. मात्र ज्याचा मूळ धोका मोठा आहे, त्याला आहार आणि गोळी यांतले एक निवडायला लावणे म्हणजे निम्मा लाभ टाकून देणे.

आपल्याकडे हा हिशेब लवकर मांडायला हवा. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३व्या वर्षी आला, इतरत्र ५९व्या वर्षाच्या आसपास. म्हणून चाळिशीतच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि डॉक्टरांना ‘गोळी चांगली का?’ असे न विचारता ‘पुढच्या दहा वर्षांत माझा धोका शंभरात किती, आणि गोळीने तो किती होईल?’ असे विचारा. निर्णय या दोन आकड्यांवर घ्या. आणि चालू असलेली गोळी, मग ती ॲस्पिरिन असो वा स्टॅटिन, हा लेख वाचून परस्पर बंद करू नका.